सोयी दिल्या की वस्त्या वाढतात, हे खरं आहे का?

मुठाकाठ

आम्ही पुण्याच्या कडेला राहतो. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे पूर्वी ज्वारीचं रान होतं, आता तिथे गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यावर दाटीवाटीने घरं झाली आहेत. बहुतेकांच्या दोन खोल्या आणि वर पत्रा. ज्याचं जरा बरं चाललंय त्याने स्लॅब टाकून पुढच्या मजल्यासाठी गज तसेच उभे ठेवलेत. रस्ता मुरमाचा. पिण्याचं पाणी टँकरचं, वापरायचं बोअरचं आणि सांडपाणी सरळ ओढ्यात.

सोसायटीत सध्या एक पत्र सह्यांसाठी फिरतंय. महापालिकेने त्या वस्तीत पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन टाकू नये, आधी बांधकामं कायदेशीर आहेत का ते ठरवावं, अशी मागणी आहे. त्यामागचा मुद्दा एकच: "सोयी दिल्या की वस्ती वाढते. आज पाणी दिलं तर उद्या शेजारच्या रानातही प्लॉटिंग होईल."

मला हे पटत नाही. तिथे राहणाऱ्यांनी कुणाची जागा बळकावलेली नाही, पैसे मोजून घेतली आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांत पोळ्या करणाऱ्या ताई तिथल्याच, आमचे वॉचमन तिथलेच. चाकण-रांजणगावला कंत्राटावर जाणारी पोरं आहेत, एक-दोन शिक्षकही आहेत. पण सर्वसाधारण सभेत नुसतं "माणुसकी दाखवा" म्हणून उभं राहिलं तर कुणी ऐकणार नाही. म्हणून विचारतो. तुमच्या शहरात काय दिसलं? सोयी आल्यामुळे वस्ती वाढली, की वस्ती आधी आली आणि सोयी मागून रखडत आल्या?

करदाता

पत्रावर मी सही केली असती. का, ते सांगतो, रागावू नका.

मी फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्क भरलं, जीएसटी भरला, बिल्डरने विकासशुल्क माझ्याकडूनच वसूल केलं. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर आहे. परवानगीच्या प्रत्येक कागदाची किंमत माझ्या फ्लॅटच्या दरात आहे. शेजारच्या रानात यातलं काहीही न करता घरं होतात आणि काही वर्षांनी सरकार ती नियमित करतं. २००१ चा गुंठेवारी कायदा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या प्लॉटसाठी होता. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. पुढची तारीखही येणार, हे प्लॉटिंग करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याचं गिऱ्हाईक त्या भरवशावरच पैसे देतं. नियम पाळणाऱ्याने कुणाकडे बघायचं?

लिंबूटिंबू

आमच्याकडे प्लॉटच्या पाटीवर "स्टेशनपासून दहा मिनिटं" लिहितात. कुठलं स्टेशन ते खरेदीनंतर कळतं.

सातबारा

महसूल खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतजमिनीचे बारीक तुकडे होऊन शेती तोट्यात जाऊ नये म्हणून १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला. हेतू चांगला होता. त्या कायद्याने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. आता शहर वाढत वाढत त्या शेताच्या बांधापर्यंत आलं. कामगार माणसाला हवा एक गुंठा, आणि २०२५ पर्यंत तर एक गुंठा त्याच्या नावावर होऊच शकत नव्हता. मग त्याने काय करायचं?

त्यावर लोकांनी तीन वाटा काढल्या. पहिली, दहा-अकरा जणांनी मिळून अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लागतात, पण कुणाचा कोपरा कुठला हे फक्त एजंटने हाताने काढलेल्या नकाशावर. दुसरी, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र. तिसरी आणि सगळ्यांत वाईट, स्टँप पेपरवर नोटरी. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. तिने मालकी मिळत नाही, फेरफार होत नाही. मूळ मालक वारला की त्याचे वारस दारात उभे राहतात, आणि एकच गुंठा दोघा-तिघांना विकल्याची प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत.

करदाता, तुमचा त्रागा समजतो. पण तुम्हाला नियम पाळायची वाट होती, कारण तुम्हाला कर्ज मिळालं. या माणसाने नियमाने घ्यायचं ठरवलं असतं तरी बाजारात त्याच्या ऐपतीचं कायदेशीर घरच नव्हतं. त्याच्यापुढे दोनच गोष्टी होत्या, बेकायदा गुंठा किंवा आयुष्यभर भाड्याची खोली.

अनामिका_के

मी अशाच घरात राहते, म्हणून लिहिते.

आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले. मिस्टर पुण्याला आले ते कंपनीत हेल्पर म्हणून, दहा बाय दहाच्या खोलीत पाचजणांत. लग्नानंतर भाड्याची खोली घेतली. दर अकरा महिन्यांनी सामान उचलायचं आणि मुलाची शाळा बदलायची. शेवटी गावाकडचा वाट्याचा तुकडा भावाला दिला, माझं गंठण मोडलं, भिशी उचलली, पतपेढीचं कर्ज काढलं आणि गुंठा घेतला. बँकेच्या दारात गेलो होतो. साहेबांनी कागद बघितले आणि परत दिले.

मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं. आम्ही घर बांधलं तेव्हा तिथे लाइट नव्हती, रस्ता नव्हता, पाणी तर नव्हतंच. तरी बांधलं, कारण भाडं थांबत होतं. पाणी आहे म्हणून इथे कुणीच आलं नाही. सगळे आले ते पगारात बसणारा हाच एक भाव होता म्हणून.

टँकर आला की रस्त्याच्या कडेला निळे ड्रम रांगेत लागतात. प्रत्येकाच्या ड्रमवर रंगाने नाव, तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधलेलं, पाण्यातली माती वर राहावी म्हणून. ज्या घरात दिवसा कुणी नसतं त्यांचा ड्रम शेजारणीने भरायचा, हा आमच्या गल्लीचा नियम आहे आणि तो कुणी मोडत नाही. पण रात्रपाळी करून आलेली बाई ड्रमपाशी बसून डुलक्या घेते तेव्हा वाईट वाटतं. एका ड्रमला आम्ही देतो ते पैसे नळपट्टीशी ताडून बघा. पाणी फुकट मागणारे आम्ही नव्हे, तुमच्यापेक्षा महाग घेणारे आहोत.

कोथिंबीर

+१ अनामिका ताई. शेवटची ओळ मुठाकाठ यांनी सभेत जशीच्या तशी वाचावी.

रानवारा

शेतकऱ्याची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून. माझ्या चुलत्यांचं शेत अशाच पट्ट्यात होतं. शहराच्या आराखड्यात कधी आरक्षण पडेल, कधी संपादन होईल, कधी रिंगरोड जाईल याची टांगती तलवार. शेजाऱ्याची जमीन संपादनात गेली आणि मोबदल्यासाठी त्याची पुढची पिढी कोर्टात फिरतेय, हे डोळ्यांसमोर. एकरकमी मोठ्या बिल्डरला दिली तर तो भाव पाडून मागतो. गुंठ्याने विकली तर तिप्पट पैसे, तेही रोख. कुणीही हेच करेल.

मात्र पैसा टिकत नाही. गाडी आली, बंगला झाला, पोरांची लग्नं थाटात झाली आणि आता चुलतभाऊ त्याच रानातल्या एका दुकानाच्या भाड्यावर आहे. आजी अजून सांगते, त्या रानातल्या हुरड्याची गोडी वेगळीच होती. सुरती हुरडा. आता तो मिळतो तरी कुठे?

कोथिंबीर

नगर रोडला हुरडा पार्ट्या असतात हिवाळ्यात. पण आजींची गोडी तिथे मिळायची नाही.

चिंचवडकर७

विषयावर येतो. पिंपरी-चिंचवडचा इतिहास मुठाकाठ यांच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे.

१९७२ मध्ये इथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, तेच मुळी कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. जमिनींवर संपादनाचे शिक्के पडले. पण कारखाने ज्या वेगाने आले त्या वेगाने पेठा (सेक्टर) विकसित झाल्या नाहीत. संपादित जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्यांना द्यायचा साडेबारा टक्के जमिनीचा परतावा वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. शेतकऱ्याला मोबदला पटेना, कामगाराला घर मिळेना, मग दोघांनी आपसात व्यवहार केला. काळेवाडी, रहाटणी, थेरगाव, वाल्हेकरवाडी या भागांत अशी हजारो घरं उभी राहिली. शेवटी २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं.

आणि महापालिकेने काय केलं? अवैध बांधकामावर शास्तीकर लावला, मालमत्ताकराच्या दुप्पट. एक-दोन खोल्यांच्या घरांवर थकबाकी लाखात गेली. लोक मूळ कर भरायला गेले तरी पैसे आधी शास्तीत जमा व्हायचे. आधी सहाशे चौरस फुटांपर्यंत सूट आली आणि २०२३ मध्ये सरसकट माफी. पंधरा वर्षं ही टांगणी सहन करूनही वस्ती कमी झाली नाही. दंड लावून वस्ती थांबत असती तर जगात सगळ्यांत आधी आमच्याकडे थांबली असती.

करदाता

चिंचवडकर, दंडाने थांबत नाही हे मान्य. पण मग कशाने थांबते ते कुणी सांगेल का? की थांबवायचंच नाही? शहराचं पाणी मर्यादित आहे. खडकवासल्याची चार धरणं मिळून पाणी तेवढंच, आणि शेतीच्या आवर्तनावरून दर उन्हाळ्यात वाद. उद्या प्रत्येक रानात वस्ती झाली तर तुमच्या-माझ्या नळाला किती येईल?

डॉ_सिंहगडरोड

पाण्यावरच बोलतो, कारण जानेवारी २०२५ आम्ही डॉक्टरांनी विसरावं असं नाही.

गुइलेन-बॅरे सिंड्रोम हा एरवी क्वचित दिसणारा आजार. पायातली ताकद जाते, मग अशक्तपणा वर चढत जातो, काही रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. त्या महिन्यात सिंहगड रोड पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागांत रुग्णांचा लोंढा आला. राज्यात आकडा दोनशेच्या वर गेला. नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, जो दूषित पाण्या-अन्नातून येतो. धायरी २०१७ मध्ये आणि बाकीची गावं २०२१ मध्ये पालिकेत आली, खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर, आणि तरी तिथे पाणी मिळत होतं ते विहिरीचं, जंतुनाशक टाकून पण शुद्धीकरण केंद्रातून न जाता.

करदाता, आजारी पडलेल्यांत मोठ्या सोसायट्यांतले लोकही होते. भूगर्भातलं पाणी भिंत ओळखत नाही. मागच्या वस्तीचे शोषखड्डे आणि तुमच्या सोसायटीची बोअर एकाच जमिनीत आहेत. तिथे ड्रेनेज टाकू नका म्हणणं म्हणजे ते मैलापाणी आपल्या पायाखाली मुरू द्या म्हणणं. मुठाकाठ, पत्रावर सह्या करणाऱ्यांना आधी स्वतःच्या बोअरचं पाणी तपासून घ्यायला सांगा.

मुठाकाठ

डॉक्टर, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमची बोअर ओढ्यापासून अगदी जवळ आहे. नमुना कुठे द्यायचा?

डॉ_सिंहगडरोड

जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत. बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्या, शीतपेयाची नको. कोलिफॉर्म, म्हणजे मैल्याचा अंश दाखवणारे जिवाणू, बघायला सांगा.

दिवा_लोकल

ठाण्याच्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळ्यांना एकाच मापाने मोजलं जातंय असं वाटलं.

अनामिका ताईंचं स्वतःसाठी बांधलेलं घर वेगळं आणि आमच्याकडची बेकायदा सात मजली इमारत वेगळी. ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याला अशी इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. बांधकाम अजून चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर लोक राहायला आणून ठेवले होते. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव जागेवर बिल्डरांनी ४१ इमारती उठवल्या. न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या, अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर. डोंबिवलीत तर ६५ इमारतींसाठी खोट्या परवानग्या दाखवून रेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचा, नंबर मिळवला होता. तिथे फ्लॅट घेणाऱ्यांना बँकेचं कर्जसुद्धा मिळालं होतं, आणि त्यांनी तुमच्यासारखे सगळे कागद बघितले होते, करदाता.

कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचं उदाहरणही घ्या. १९८३ मध्ये पालिकेत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये परत आत. मधल्या तेरा वर्षांत बांधकामावर लक्ष कुणाचं? कुणाचंच नाही. वस्ती वाढायला एवढी पोकळी पुरते, नळाची वाट बघायला लागत नाही.

सातबारा

दिवा_लोकल यांनी नेमकं सांगितलं. पुण्यातही ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं घेतली, ३० जून २०२१ ला आणखी २३. आणि त्यातली फुरसुंगी-उरुळी देवाची २०२४ मध्ये बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. गाव पालिकेत जाणार अशी नुसती कुणकुण लागली की ग्रामपंचायतीत नोंदींची झुंबड उडते. नमुना आठच्या उताऱ्यावर (घरपट्टीच्या नोंदीत) घर चढवून घ्यायचं, पावती करून घ्यायची. नंतर लोक ती घरपट्टीची पावती परवानगी म्हणून दाखवतात. ती परवानगी नसते, पण सरकारने पैसे घेतले आहेत एवढं तिने सिद्ध होतं.

लिंबूटिंबू

आमच्या मावसभावाचं घर एका बाजूने ग्रामपंचायतीत, दुसऱ्या बाजूने पालिकेत येतं. मतदानाला दोन्हीकडचे उमेदवार येतात, कचरागाडी एकीकडचीही नाही.

स्थापत्य

मी नगररचनेत काम केलेलं नाही, पण ड्रेनेजची कामं केली आहेत. दोन गोष्टी.

पहिली, सगळंच नियमित करा म्हणणाऱ्यांनी २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवावी. पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, वीसच्या वर माणसं दगावली. ओढ्याच्या पात्रात राडारोडा टाकून भराव केले, काठ आवळले, कल्व्हर्ट (रस्त्याखालच्या मोऱ्या) अरुंद ठेवले. पाण्याने आपली जागा परत घेतली. जे घर ओढ्याच्या पात्रात किंवा निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पुराच्या हद्दीच्या, आत आहे ते कितीही गरिबाचं असो, तिथे राहू देणं त्याच्याच जिवाशी खेळ आहे. त्याला दुसरीकडे घर द्या. पण हे सगळ्यांना लागू हवं. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीला इंद्रायणीच्या पूररेषेत ३६ बंगले होते. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कायम राहिला आणि मे २०२५ मध्ये ते पाडले. बंगल्यांनाही प्लॉट विकणारे एजंटच होते, आणि पूररेषा कागदावर असताना ते विकले गेले.

दुसरी, ड्रेनेज लाइन वस्ती व्हायच्या आधी टाकली तर सरळ उतारावर, सहा मीटर रस्त्याखालून जाते. वस्तीनंतर टाकायची तर गल्ली दहा फुटांची, जेसीबी आत जात नाही, हाताने खोदायचं, एका बाजूला कुणाचा जिना, दुसऱ्या बाजूला लोडबेअरिंगची भिंत. खर्च कितीतरी वाढतो. म्हणून करदात्यांना मी सांगेन, तुमचा पैसा वाचवायचा असेल तर रस्त्यांची आणि नाल्यांची आखणी प्लॉटिंगच्या आधी व्हायला हवी. रस्त्यांची जागा आधी धरून ठेवा, घरं लोक आपापली बांधतील. चिन्हांकित रस्ता असला की लोक त्यावर सहसा बांधत नाहीत, कारण रस्ता त्यांनाही हवा असतो.

रानवारा

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. आमच्या चुलत्यांनी एजंटला बारा फुटी रस्ता सोडायला लावला म्हणून आज तिथे अग्निशमनची गाडी निदान तोंडापर्यंत जाते. पलीकडच्या रानात रिक्षा वळत नाही.

संत्राबर्फी

नागपूरची नोंद घ्या भाऊ. आमच्याकडे अनधिकृत लेआउटला नावं पण नाही, आकडे आहेत. "५७२ मधला प्लॉट" नाहीतर "१९०० मधला प्लॉट". गुंठेवारीत या लेआउटचे प्लॉट नियमित करायला लोक नागपूर सुधार प्रन्यासकडे डिमांड (मागितलेलं शुल्क) भरतात, आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, मिळते. आरएल असली की प्लॉटचा भाव वेगळा, नसली की वेगळा. पण आरएल मिळून नाल्या नाही, असे किती लेआउट दाखवू? पावसाळ्यात दारात डबकं आणि हातात नियमितीकरणाचं पत्र.

मराठीइनबंगळूर

इथे त्याला बी-खाता म्हणतात. कर पालिका घेते, पण नोंदवही वेगळी. कर्ज देताना बँका कुरकुरतात, नकाशा मंजूर होत नाही. शहराचे मोठमोठे भाग असेच आहेत. दिल्लीत तर २०१९ मध्ये १७३१ अनधिकृत कॉलन्यांतल्या लोकांना मालकी हक्क द्यायची योजना काढावी लागली. शहरं वेगळी, पण आधी माणसं आली आणि कागद मागून आले, हे सगळीकडे सारखं.

करदाता

सगळ्यांचं वाचलं. डॉक्टरांचा मुद्दा मान्य, ड्रेनेजला विरोध करणं आत्मघातकी आहे. स्थापत्य यांचाही पटला. पण माझा मूळ आक्षेप प्लॉट पाडणाऱ्यावर आहे आणि त्याचं उत्तर अजून मिळालं नाही. कायदा नेहमी शेवटच्या खरेदीदारावर चालतो. ज्याने रान तोडून विकलं तो पुढच्या गावात नवा फ्लेक्स लावून बसतो. त्याला हात लागत नाही तोवर मी कुठल्याही नियमितीकरणाच्या बाजूने उभा राहणार नाही.

अनामिका_के

करदाता दादा, इथे आपण एकाच बाजूला आहोत. आम्हाला ज्याने विकलं त्याने "एनए (बिगरशेती) होणार, फक्त सही बाकी" असं सांगितलं होतं. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. त्याच्यावर कारवाई व्हावी असं आमच्याइतकं कुणालाच वाटत नसेल.

वकीलबाई

कायद्याचं थोडं स्पष्ट करते, कारण चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय.

जमिनीचा तुकडा नियमित होणं हे एक. २०२४ मध्ये त्याचं शुल्क रेडीरेकनरच्या (सरकारी जमीनदराच्या) २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणलं, आणि २०२५ मध्ये निवासी झोनमधल्या तुकड्यांसाठी तेही काढून टाकायचा निर्णय झाला. अनामिका ताई, तुमचं गाव आणि झोन यात बसतो का ते तलाठ्याकडे विचाराच. त्यावरचं बांधकाम नियमित होणं हे दुसरं, त्याला वेगळा अर्ज, वेगळं शुल्क. पूररेषा, आरक्षण, डोंगरउतार असेल तर होणार नाही. मालकी हे तिसरं. नोटरीवर घेतलं असेल तर तुकडा नियमित झाला तरी मूळ मालकाकडून नोंदणीकृत दस्त लागेल.

आणि चौथं म्हणजे पाणी, वीज, शौचालय. हे पहिल्या तिन्हींवर अवलंबून ठेवायचं कारण नाही. विद्युत कायदा २००३ चं कलम ४३ "मालक किंवा भोगवटादार" म्हणतं, म्हणूनच तुमच्याकडे मीटर आलं. पाण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पाणी दिलं म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही, हेही त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं. मुठाकाठ, तुमच्या सोसायटीला जी भीती आहे तिचं उत्तर या वाक्यात आहे.

पाडायचंच झालं तरी नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. रस्ता, नदीपात्र यांसारख्या सार्वजनिक जागा आणि न्यायालयाच्याच आदेशाने होणारी कारवाई याला अपवाद आहे. नोटीस आली की घाबरून दार लावून बसू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

चिंचवडकर७

नोटिशीवरून आठवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत चार हजारांवर बांधकामं काही दिवसांत जमीनदोस्त केली. भंगाराची गोदामं, छोटी वर्कशॉप. बातम्यांत फक्त गोदामं दिसली. त्या शेडमध्ये काम करणारी आणि तिथेच झोपणारी माणसं कुठे गेली ते कुणी मोजलं नाही. सरकारी आकडेवारीत अशी माणसं नसतातच. २०११ च्या जनगणनेत राज्यात झोपडपट्टीत राहणारे १ कोटी १८ लाख होते. गुंठेवारीतलं पक्क्या भिंतींचं घर झोपडपट्टीतही धरत नाहीत आणि मंजूर घरातही नाही.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. ठरवलंय की विरोधात नुसतं मत द्यायचं नाही, दुसरं पत्र लिहून न्यायचं. मागण्या अशा: वस्तीतलं आणि सोसायटीचं सांडपाणी एकाच मुख्य लाइनला जोडावं, ओढ्याची हद्द मोजून खांब रोवावेत, उरलेल्या मोकळ्या रानात रस्ते आधी आखावेत आणि विनापरवाना प्लॉटिंगचे फ्लेक्स लावणाऱ्यांवर गुन्हा नोंदवावा. शेवटचा मुद्दा करदात्यांचा. वस्तीतल्या लोकांच्याही सह्या घेणार आहे. अडचण एकच, ओढ्याची मूळ हद्द कुठल्या नकाशात मिळेल? समितीतले एक काका म्हणतात, ओढा नव्हताच, चर होता.

सातबारा

काकांना गाव नकाशा दाखवा. भूमी अभिलेख कार्यालयात गटाचा आणि गावाचा नकाशा मागा. त्यात ओढा दुहेरी रेषेने दाखवलेला असतो आणि त्याला बहुतेक वेळा गट नंबर नसतो. तुमच्या गटाच्या फाळणीनकाशाची नक्कलही घ्या, त्यावरून रुंदी काढता येते. आणि सोसायटीची भिंत त्या रुंदीच्या कुठल्या बाजूला येते तेही एकदा बघून ठेवा, सभेत कुणीतरी विचारणार.

स्थापत्य

नकाशा मिळाला की फोटो टाका. उताराची दिशा बघून मुख्य लाइन कुठून नेता येईल ते सांगतो. वस्तीतल्या सगळ्यांत खालच्या घराच्या जोत्याची पातळी लागेल, अनामिका ताईंसारखं कुणी तिथलं असेल तर पावसात पाणी कुठवर चढतं त्याच्या खुणा भिंतीवर दाखवतील.

अनामिका_के

आमची वस्ती दुसरी आहे, पण खुणा कशा करायच्या ते मी फोनवर सांगू शकते त्यांना. खडूने नको, ऑइलपेंटने करा, आणि शेजारी वर्ष लिहा.